अर्धं राहिलेलं जावळ

“धरा! धरा त्याला!”

असं कोनतरी वरडलं आन् माझ्या हातातलं ताट खाली पडलं. वळून बघते तर माझा भाऊ भिजलेल्या विजारीनं घरामागच्या उसाकडं पळतोय. त्येच्या मागं पंगतीतनं उठलेलं तीन पावणं पळत्यात, एकाच्या हाताला तर अजून रस्सा लागलेला. आन् माझं पोरगं न्हावी तात्याच्या म्होरं पाटावर एकटंच बसून गळा काढतंय. डोस्क्याचं एका अंगाचं जावळ निघालेलं, दुसऱ्या अंगाचं तसंच लोंबतंय. नणंदेनं पदर धरलेला, जावळ भुईवर पडू द्यायचं नसतंय म्हनून, पन तिच्या हातातनं पदरच सुटला आन् सगळं जावळ मातीत. बायका वरडाया लागल्या. कोन म्हनतंय चोर, कोन म्हनतंय भांडन लागलं. आन् मी? मी मधीच उभी. पोराकडं जाऊ का भावाकडं जाऊ, पायच उचलंना. कारन ती तीन पावणं कोन हाईत ह्ये त्या सगळ्या मांडवात आमच्या घरच्यास्नीच ठावं हुतं. जेवायला बोलवलेल्या पावण्यातलं ते न्हवतंच.

ह्ये खरं म्हंजे मी लिहायचं न्हवतं. ज्या साहेबांनी ही केस केली त्ये आता रिटायर झाल्यात. त्येंच्या आठवनी पेपरात येत्यात, दरोडा कसा उघडकीला आला, खुनी कसा सापडला, लोकं लई आवडीनं वाचत्यात. मधी एक दिवस साहेब आमच्या घरला आले, पानी पिले आन् म्हनाले, “पोरी, त्या प्रकरणावर लिहायला बसलो की माझं पान पुढं जात नाही. आमच्या दप्तरी तो यशस्वी तपास आहे. मला पाठीवर थाप मिळाली त्याची. तुझ्या घरात काय झालं ते मी कशाला लिहू? तू लिही.”

मी म्हनलं, “साहेब, माझी शाळा सातवीत सुटली.”

“बोलतेस तसं लिही. कुणाचं नाव घालू नको, बास.”

म्हनून लिहितीया. नाव कुनाचंच न्हाय. भावाला घरात बाब्या म्हनत्यात, मी बी तेच म्हनते.

बाब्या माझ्यापरीस धाकटा. माझं माहेर कसबा बावड्याचं, सासर उचगावचं. आमचं मालक फौंड्रीत हाईत. वडील गेल्यावर आईला बाब्याचाच आधार. त्येचं काम म्हंजे खोल्या दावायच्या. बावड्याकडं नव्या बिल्डिंगी झाल्यात न्हवं, बाहेरगावची पोरं येत्यात, कामगार येत्यात, त्येंस्नी खोली बघून द्यायची आन् घरमालकाकडनं कमिशन घ्यायचं. तोंडाचा लई गोड. “पावणं, खिडकी उघडा, पंचगंगा दिसत्या!” म्हनायचा. पंचगंगा दिसायला गच्चीवरच्या टाकीवर चढाय लागायचं. पन लोकं हसत हसत खोली घ्यायची.

तशीच एक खोली त्येनं दोघांस्नी दिली. पानी शुद्ध करायची मशिनी विकतोय म्हनाले. कागदं दावली, बाब्यानं बघितल्यासारखं केलं. चौकीवर कळवायचं असतंय भाडेकरूचं, ते राहूनच गेलं. लई जनांचं ऱ्हातंय.

मग त्यो हल्ला झाला. लांबच्या मोठ्या शहरात, भर बाजारात, सनासुदीच्या गर्दीत. टीव्हीवर चार दिवस दुसरं काय न्हाय. चपला पडलेल्या, पिशव्या पडलेल्या. आमी बी रडत बघायचो, मग बंद करायचो, मग परत लावायचो. आन् एक दिवस टीव्हीवर दोन चेहरं दावलं. पोलीस ह्येंस्नी हुडकत्यात म्हनून. आई सांगती, बाब्या तवा जेवत हुता. हातातली भाकरी तशीच टाकून उठला आन् गाडी काढून गेला.

त्यो गेला त्या खोलीवर. ती दोघं कवाच गेल्याली. फळीवर एक फोन ऱ्हाईलाता. बाब्यानं त्यो उचलला आन् पुलावर जाऊन पंचगंगेत टाकला. आन् तितनंच गायब झाला.

शहाना मानूस सरळ चौकीवर गेला असता, व्हय. पन आमच्यात चौकीची पायरी चढली की त्या घरात पोरगी कोन देत न्हाय. बाब्याचं त्या वर्षी बघायचं चाललं हुतं. त्येच्या डोस्क्यात काय आलं असंल ते मला ठावं हाय: फोन नसला तर खोलीत कोन ऱ्हाईलंच न्हाय, आन् कोन ऱ्हाईलं न्हाय तर मी दिली न्हाय. भित्र्या मानसाचं डोस्कं असंच चालतंय. माझं बी चालतंय.

खबर दिली ती त्याच बिल्डिंगीतल्या खालच्या बाईनं. टीव्हीवर चेहरं बघून तिनं लगोलग फोन केला. बरोबर केलं तिनं, मी तिला बोल लावत न्हाय. पोलीस आले, कुलूप तोडलं, पंचनामा केला, घरमालकाला इचारलं खोली कुनी दिली, त्येनं बाब्याचं नाव सांगितलं. मग बाब्याचं घर, मग आई, मग मी.

मला चौकीवर बोलवलं तवा पोराला अकरावा म्हयना चाललेला. कुनाजवळ ठेवू? कडंवर घेऊनच गेले. मालक बाहेर उभे, त्येंस्नी आत सोडलं न्हाय. आत वायरलेस खरखरतोय, टेबलावर चहाचं उष्टं गिलास, पंखा नुसता आवाज करतोय. मुंबईहून आलेलं पथक आतल्या खोलीत. आन् हितलं आपलं साहेब, ज्येंनी मला ह्ये लिहाय सांगितलं त्ये, बाहेरच्या टेबलाशी. एक हवालदार बाई शेजारी बसल्या. मला वाटलंतं आता मारत्यात. साहेबांनी पयलं पोरासाठी बिस्कीट मागवलं.

“भावाचा फोन येतो का?”

“न्हाय साहेब. देवाशपथ न्हाय. कवाच न्हाय. त्येचा नंबर बी लागत न्हाय. मला तर काय ठावंच न्हाय.”

साहेबांनी मान हालवली, लिहून घेतलं आन् मला बाहेर बाकड्यावर बसाय सांगितलं. परवा घरी आले तवा हसून म्हनाले, “खरंच माहीत नसलेला माणूस एकदा नाही म्हणतो आणि गप्प बसतो. तू पाच वेळा म्हणालीस. मी तेव्हाच समजलो.”

फोन आलता. एकदाच. शेजारच्या वहिनीच्या फोनवर. वारणानगरकडं एका दोस्ताच्या खोलीवर हाय म्हनालता, कारखान्याच्या कॉलनीत. “अक्का, आईला सांग मी जित्ता हाय,” एवढंच बोलून ठेवलं.

बाकड्यावर माझ्या शेजारी एक काकी बसलेल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, पायात साध्या चपला. जैनाच्या घरातल्या, त्येंचं शहरात कापडाचं दुकान. माझं पोरगं त्येंच्या पिशवीला ओढाय लागलं तसं त्येंनी त्येला मांडीवर घेतलं.

“वडतंय बघ कसं! काय रे, दुकान लुटतोस काय माझं?”

मी म्हनलं, “काकी, तुमी हितं कशाला?”

“दाखल्याचं हाय,” म्हनाल्या. “माझा पोरगा दुकानासाठी माल बघाय गेलता. त्या बाजारात. घरात सून हाय, तिचा नववा म्हयना चाललाय, म्हनून मीच हिंडतीया.”

मला त्येंच्याकडं बघवंना. माझ्या भावानं ज्येंस्नी खोली दिली त्येंनी ह्या बाईचं पोरगं नेलं. आन् ही बाई माझ्या पोराला मांडीवर नाचवतीया. तिला ठावं न्हाय मी कोन. मला वाटलं सांगावं, मग वाटलं पळून जावं. दोन्ही केलं न्हाय.

काकींनी पोराच्या डोळ्यावरचं केस मागं सारलं. “किती वाढलंय गं ह्येचं जावळ! डोळ्यात जातंय की लेकराच्या. का काढलं न्हाय अजून?”

आन् माझ्या तोंडातनं गेलं, “मामा यायचाय की. मामाच्या मांडीबिगर कसं काढायचं?”

बोलले आन् जीभ चावली. वर बघितलं तर साहेब दारात उभे, हातात चहाचा गिलास. ते चहा प्याय बाहेर आलते, दुसरं काय न्हाय. काकी आपल्या म्हनत्यात, “मग बोलवून घे की गं मामाला, वरीस भराय आलं.” साहेबांनी चहा अर्धाच ठेवला.

परत आत बोलवलं. ह्या वेळेला फकस्त साहेब आन् हवालदार बाई.

“पोरी, जावळ काढायचं कधी ठरलंय?”

मी पोराच्या तोंडाचा बिस्किटाचा चुरा पुसाय लागले.

“वर्षाच्या आत काढायचं असतं. बाराव्यात काढत नाहीत तुमच्यात. म्हणजे ह्याच महिन्यात. आणि तो येणार, आलाच पाहिजे त्याला. मीसुद्धा मामा आहे. माझ्या बहिणीच्या पोराचं जावळ होतं तेव्हा मी बंदोबस्त सोडून गेलो होतो, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या.”

मग त्येंनी मला समजावलं. दरडावलं न्हाय, म्हनून तर मी ऐकलं. म्हनाले, “नीट ऐक. तो आपल्या पायानं आला, मला भेटला, सगळं सांगितलं, तर तो हजर झाला असं मी लिहीन. त्याला साक्षीदार करता येईल. पण पथकानं त्याला कुठंतरी गाठून पकडलं, तर तो आरोपी. भानगड त्यानं केली आहे, फोन नदीत टाकलाय असं आम्हाला वाटतंय, पुलावर त्याला कुणीतरी पाहिलंय. त्या फोनात पुढची माणसं होती. उद्या आणखी कुठल्या बाजारात काही झालं तर?”

“मग मी त्येला तसंच सांगते की फोनवर. साहेब बोलवत्यात, ये म्हनून.”

“सांगितलंस तर येईल?”

न्हाय. मला बी ठावं हुतं, न्हाय येनार. पोलिस ह्यो शबूद ऐकला की त्यो वारणा सोडून आनखी कुठंतरी जाईल.

“म्हंजे फसवायचं?” मी म्हनलं.

“जेवू दे त्याला,” साहेब म्हनाले. “भाच्याला मांडीवर घेऊ दे. जावळ पुरं होऊ दे. मग मी त्याच्याशेजारी बसतो, माझं मी बोलतो, आणि आम्ही दोघं चालत गाडीपर्यंत जाऊ. त्याला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द.”

घरी आले तर सासूबाईंनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. “पोराच्या जावळाला पोलीस? आगं मग पोराचं बारसं चौकीवरच करायचं हुतं की!” मालक म्हनाले, “आई, गप्प ऱ्हा. न्हाय म्हनलं तर उद्या आपल्याला बी उचलत्यात. आन् त्यो साहेब शब्द देतोय न्हवं.” मला विचारलंच न्हाय कुनी. विचारलं असतं तर काय म्हनले असते, त्ये बी ठावं न्हाय. डोळ्यापुढं काकी यायच्या, मांडीवर पोरगं नाचवनाऱ्या. मग बाब्या यायचा. मग परत काकी.

फोन आला. शेजारच्या वहिनीनं हाक मारली, मी ओल्या हातानं पळत गेले.

“अक्का, कसं हाय माझं भाचं?”

“बरं हाय. येत्या रविवारी त्येचं जावळ काढायचं ठरवलंय.”

“माझ्याबिगर?” असं वरडला की वहिनीला बी ऐकू गेलं. “मी मेलोय काय? कोन बसनार मांडी घालून, तुझा नवरा?”

“मग ये की.”

 मग म्हनाला, “काय धोका न्हाय न्हवं अक्का?”

वहिनी दारात उभी हुती. तिच्या पोरीची शाळेची वेळ झालेली, फोन मागत हुती. मी म्हनलं, “ये तू. जेवूनच जा.”

धोका न्हाय असं मी म्हनलं न्हाय. हाय असं बी म्हनलं न्हाय.

जावळाच्या दिवशी अंगनात मांडव घातला. बोकड कापलं, तांबडा-पांढरा रस्सा केला, सगळी गल्ली बोलवली. पथकाची तीन मानसं फौंड्रीतलं पावणं म्हनून पंगतीला बसली. साहेब डोक्याला पांढरी टोपी घालून मालकांच्या चुलत्यांशेजारी. सासूबाईंस्नी सगळं ठावं असून बी ऱ्हावंना. वाढता वाढता माझ्या कानात म्हनाल्या, “तुझं पावणं मटान सोडून दाराकडं बघाय लागल्यात. पोलीस हाईत का उपाशी जावई?” त्यातल्या एकाला तांबडा रस्सा झेपंना, नाकातनं पानी येतंय, तरी दारावरची नजर हालंना. गल्लीतल्या बाया म्हनत्यात, “लाजू नका पावणं, घ्या की अजून.”

बाब्या आला. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. खिशात भाच्यासाठी जरीची टोपी. आईच्या पाया पडला, सासूबाईंच्या पडला, मला म्हनाला, “काय गं, माझ्याबिगर बोकड चवीला लागलं असतं व्हय?” मी हसले. कसं हसले ठावं न्हाय.

पाट मांडला. बाब्या मांडी घालून बसला, पोरगं मांडीवर. न्हावी तात्या वस्तरा पाजळत म्हनले, “मामा, मांडी घट्ट धर. भाचं हाललं तर तुझी मिशी जाईल.”

“जाऊ दे तात्या, तशी बी आता ठेवून कुनाला दावायची हाय!”

सगळी हसली. मी साहेबांच्याकडं बघितलं. त्येंनी डोळ्यांनीच खुनावलं, होऊ दे.

एका अंगाचं निघालं. पोरगं आधी रडलं, मग गप्प झालं, आन् मग बाब्याच्या मांडीवर मुतलं. चांगलं भरपूर. नणंद वरडली, “मामाला आहेर मिळाला!” बायका टाळ्या पिटाय लागल्या. हे तर आमच्याकडं चालतंयच, पोरगं मुतलं नाही असं जावळ मी बघितलंच न्हाय. बाब्या म्हनाला, “हात तुझ्या! नवी विजार हुती रं!” आन् पोराला पाटावर ठेवून घरामागच्या हौदाकडं गेला, विजार धुवायला. साहेब तवा म्होरच्या नळावर हात धूत हुते, त्येंची पाठ हिकडं.

मागं हौद, हौदाच्या पल्याड ऊस. पथकाच्या मानसानं बघितलं ते एवढंच, की त्यो उठला आन् उसाकडं गेला. म्हनून पथकातला त्यो मानूस वरडला. आन् बाब्यानं वळून बघितलं, अनोळखी तीन मानसं आपल्यावर धावत येत्यात, आन् पळाला. कुनी बी पळालं असतं.

उसात शंभर पावलं बी गेला नसंल. तोंडात माती, हात मागं, तसाच आनला. साहेब धावत आले, त्येंचा आवाज कवा एवढा चढलेला मी ऐकला न्हवता.

“मी सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही असं ठरलं होतं ना?”

पथकाचा म्होरक्या म्हनाला, “तो मागच्या बाजूनं सटकत होता. बघत बसू काय?”

“अहो, विजार धुवायला गेला होता तो!”

“मग पळाला कशाला?”

साहेबांनी वाकून बाब्याच्या तोंडावरची माती पुसली. 

बाब्यानं मान वर केली. त्येनं साहेबांच्याकडं बघितलं न्हाय, पथकाकडं न्हाय. माझ्याकडं बघितलं. “अक्का, तुला ठावं हुतं?”

मी काय बोलले न्हाय. पन मानूस गप्प बसला की बी कळतंय. त्येला कळलं. गाडीत बसताना परत बघितलं न्हाय त्येनं. आई मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. पाटावर पोरगं तसंच अर्ध्या डोस्क्याचं. दुसऱ्या अंगाचं नंतर मालकांच्या मांडीवर काढलं. सासूबाई म्हनल्या असं चालत न्हाय. पन तसं किती दिवस ठेवनार, गल्लीतली पोरं हसाय लागली.

बाब्यानं सगळं सांगितलं. फोनचं, पुलाचं, त्या दोघांस्नी भेटायला येनाऱ्या मानसाचं. त्येच्या सांगन्यावरनं त्यो तिसरा मानूस सापडला, आन् त्येच्या मागनं ती दोघं, असं साहेब म्हनत्यात. नदीत बुड्या मारल्या, फोन गावला न्हाय. साहेबांनी वरपर्यंत सांगून बघितलं, ह्यो पोरगा हजर व्हायला आलता, माझ्या शब्दावर आलता. पन कागदावर पळाला असं लिहिलं गेलं, आन् एकदा तसं लिहिलं की जामीन न्हाय. केस अजून चाललीया. बाब्या तुरुंगात हाय. मी भेटाय गेले तर निरोप आला, अक्काला म्हनावं येऊ नको.

आई माझ्या दारात येत न्हाय. बावड्याला गेले तर उठून आत जाती, चुलीवर काय नसलं तरी चुलीपाशी बसती.

एकदा काकी आल्या. पेपरात वाचून कळलं असनार त्येंस्नी. मी दार उघडलं, मला वाटलं आता शिव्या देत्यात. त्येंनी पोराला जवळ घेतलं, त्येच्या टकलावरनं हात फिरवला. म्हनाल्या, “तू बरं केलंस पोरी. माझ्या नातीला बाप दिसला न्हाय, तसं आनखी कुनाचं व्हायला नको.” सुनंला पोरगी झालीती. त्या गेल्यावर मी दार लावून रडले. कुनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा साहेब आले तवा मी म्हनलं, साहेब, तुमच्या आठवनीच्या शेवटी तुमी काय शिकलो त्ये लिहिता न्हवं, ह्याचं काय लिहिनार? साहेबांनी पान्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हनाले, “आम्ही सापळा लावताना तो माणूस कसा वागेल याचा विचार करतो. मी तोही केला होता. तो येणार हे मला बरोबर कळलं. पण माझ्याच बाजूच्या माणसांचा विचार राहिला. ती लांबची होती. त्यांनी आपल्याकडचं जावळ कधी बघितलेलं नव्हतं. मूल मांडीवर मुततं, मामा उठतो, बायका हसतात, हे त्यांना कोण सांगणार? मी दारं सांगितली, गाड्या कुठं लावायच्या ते सांगितलं, कुणी कुठं बसायचं ते सांगितलं. एवढं एकच सांगायचं राहिलं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. पोलिसाला सगळ्यात जास्त नडतं ते त्याला रोजचं वाटणारं.”

ह्यो साहेबांचा धडा. माझा मला अजून सापडला न्हाय. अजून दारात मोटारसायकल थांबली की मी पोराला उचलून आतल्या खोलीत जाते. मालक म्हनत्यात, आगं आता कोन येतंय? मला ठावं हाय कोन न्हाय येनार. पन पाय आपलं आपन आत जात्यात.

मी साहेबांस्नी विचारलं, “त्या दिवशी फोनवर मी सांगायला पायजे हुतं का, पोलीस हाईत म्हनून?” साहेबांनी टोपी उचलली, उठले, आन् म्हनाले, “हे मला विचारू नको. मी त्या बाजूचा माणूस.”

मग मी कुनाला विचारू? आईला विचारता येत न्हाय, काकींस्नी विचारता येत न्हाय, बाब्या भेटत न्हाय. म्हनून तुमाला विचारते. तुमी सगळी वाचनारी, शिकल्याली मानसं. वहिनीचा फोन तुमच्या कानाला हाय, वहिनी घाई करतीया, कडंवर पोरगं. भाऊ तिकडनं इचारतोय धोका न्हाय न्हवं. सांगितलं तर त्यो पळनार, आन् ज्येंनी बाजारात मानसं मारली त्येंचा माग बी त्येच्याबरोबर पळनार. न सांगितलं तर त्यो येनार, तुमच्यावर इस्वास ठेवून, खिशात टोपी घेऊन.

तुमी काय म्हनला असता?